लाल कार्ड लावलेलं स्वयंपाकघर

माझ्या मोठ्या परातीला नवऱ्यानं लाल कार्ड लावलं तेव्हा मला वाटलं, गंमत करतोय. माझ्या नवऱ्याला गंमत करता येत नाही, हे लग्नाला बावीस वर्षं झाली तरी माझ्या ध्यानात राहत नाही.

तो चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, सगळ्यांसारखी. लिहिताना करणार नाही. निदान कागदावर तरी माझं राज्य असू दे.

लाल कार्डाची भानगड आधी सांगते. त्याच्या कंपनीत जी वस्तू कामाची नाही असं वाटतं तिला लाल कार्ड लावतात. वर वस्तूचं नाव, तारीख, कारण. सात दिवसांत कुणी ‘ही माझी, मला लागते’ म्हणून पुढं आलं नाही, की वस्तू उचलून भंगारात. बाहेरून कुणी तपासायला यायचं असलं, तर विचारूच नका. महिनाभर आधीपासून सगळीकडं लाल कार्डं, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या, झाडूची जागा आखलेली, बादलीची जागा आखलेली. या कामात नवऱ्याला एकदा बक्षीस मिळालंय, स्टेजवर बोलावून शाल आणि भिंतीवरचं घड्याळ. ते घड्याळ दोन वर्षांपासून बंद आहे. त्याला मात्र कार्ड लागलं नाही.

तर आमचं घर विकायचं ठरलं होतं आणि गिऱ्हाईकं बघायला येणार होती. त्याच्या मते कंपनीत पाहुणे तपासायला येतात तसंच हे. तो कार्डांचं अख्खं बंडल घरी घेऊन आला आणि रविवारी सकाळी चहा पिऊन कामाला लागला.

घर विकायचं कुणी ठरवलं? त्यानं. का ठरवलं, ते सांगायचं तर डब्यांपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही महाळुंग्यात राहायचो. दुसरा मजला, दोन खोल्या, हॉल, आणि स्वयंपाकघराला लागून धुण्याभांड्याची गॅलरी. इमारतीच्या मागं गावातल्या लोकांनी शेतात ओळीनं खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात. त्या खोल्यांतून पोरी राहतात, लातूरच्या, नांदेडच्या, परभणीच्या. गाड्यांच्या वायरिंगच्या कंपन्यांत कामाला आलेल्या. एका खोलीत चौघी-पाचजणी. आजूबाजूला मेस ढीगभर, पण सगळीकडं रबरासारखी पोळी आणि बटाटा. मी बार्शीकडची. एका पोरीला ताप आला म्हणून मी तिला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी नेऊन दिली. येसर म्हणजे डाळी आणि गहू भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ, आमच्याकडं घरोघरी असतं. पोरगी ताटावर बसून रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. वर्षभरात साठ डबे झाले आणि पुढं पाच वर्षं साठाचा आकडा खाली आला नाही. मुलीचं नगरचं शिक्षण त्या डब्यांवर झालं, आणि हे मी नवऱ्याला टोमणा म्हणून लिहीत नाही. म्हणजे, लिहितेच आहे.

खरं तेही सांगते. तो पीत नाही. ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन दोन जिने चढून द्यायचा. पाच वर्षं त्यानं डब्यांबद्दल कधी कुरकुर केली नाही. बिघडलं ते त्याला बढती मिळाल्यावर. कंपनीत नवीन साहेब आले होते आणि त्यांच्यासमोर कुणीतरी याची ओळख करून दिली, “हे आमच्या मेसवाल्या काकूंचे मिस्टर.” सगळे हसले. त्या दिवशी तो तोंड पाडून घरी आला. महिन्याभरात त्यानं मोशीला अकराव्या मजल्यावर फ्लॅट बुक केला. गेटवर वॉचमन, दोन लिफ्ट, आणि सोसायटीच्या नियमांची पुस्तिका. तिच्यातली एक ओळ त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवली, घरातून कुठलाही व्यवसाय करायला सक्त मनाई आहे. पाणी किती वेळ येतं ते काही वाचून दाखवलं नाही.

“मग माझे डबे?” मी विचारलं.

“अगं, किती दिवस लोकांची उष्टी काढणार? आता आराम कर.”

उष्टी मी कधी काढली नव्हती. डबे पोरी स्वतः घासून आणायच्या. सहा वर्षं एका घरात राहून एवढंही या माणसाला माहीत नव्हतं. मला घर सोडायचं दुःख नव्हतं. भिंतींना कवटाळून बसणाऱ्यातली मी नाही. मला डबे सोडायचे नव्हते, आणि ते मी त्याला त्याच दिवशी, त्याच शब्दांत सांगितलं होतं.

तर तो रविवार. परातीनंतर त्यानं मोठी शेगडी घेतली, मग आमटीचं पातेलं, मग भिंतीवरची डब्यांची मांडणी. देव्हाऱ्यात तीन गणपती होते, त्यातल्या दोघांना कार्ड. कारण: ‘जादा’. मी त्याच्या मागून फिरत होते आणि म्हणत होते, “हे लागतं. हेही लागतं. हे पण माझं आहे.” नियमानं तेवढं पुरे असतं, त्यानंच मला कितीदा सांगितलं होतं. पण तो म्हणाला, “मोशीला गेल्यावर लागणार आहे का? नाही ना?” आणि कार्डावर लिहिलं, ‘मागणी नाही’.

मी ती कार्डं तिथल्या तिथं फाडली नाहीत, याचा मला आजही संताप येतो. मला वाटलं, खेळू दे. चार दिवस नाचेल आणि गप्प बसेल. पोरींचे डबे करायचे होते, हात रिकामे नव्हते.

त्याच आठवड्यात एजंट आला. पांढरा शर्ट, दोन फोन, आणि माझ्याशी बोलताना नवऱ्याकडं बघायची सवय. दारातच त्यानं नाक वर केलं.

“काकू, वास येतोय.”

“कसला?”

“जेवणाचा.”

स्वयंपाकघरातून दुसरा कसला यायचा? पण त्याचं म्हणणं असं, की बघायला येणाऱ्याला इथं कुणी राहतंय असं वाटता कामा नये. सगळे दिवे लावून ठेवायचे, भर दुपारीसुद्धा. कॅलेंडर काढायचं. दोरीवर कपडे नकोत. गॅलरीतल्या काळ्या पडलेल्या फरशांवर पांढरा रंग मारायचा. टेबलावर फळांचं भांडं ठेवायचं, फळं प्लास्टिकचीच बरी, माश्या बसत नाहीत. खिडकीखाली ओल आहे तिथं कपाट सरकवायचं. “आणि काकू, तुम्ही पण जरा… म्हणजे गाऊन नको. साडी.” नवरा हे सगळं वहीत उतरवून घेत होता. वरून कीर्तन आतून तमाशा, असं आमच्याकडं म्हणतात. मी तेव्हाच म्हटलं, पण ऐकायला कुणी नव्हतं.

मग माझ्या मामीचं तेरावं आलं आणि मला गावी जावं लागलं. पोरींना सांगून गेले, चार दिवस सुट्टी, सोमवारी डबे सुरू. फोनवर पोरींचा ग्रुप होता, त्यावर तसं टाकलंही. तो ग्रुप मला नवऱ्यानंच काढून दिला होता आणि तोही त्यात होता, कुणाला डबा नको असला की हिशेब ठेवायला म्हणून.

आमच्या गावात रेंज नसते. परतीच्या एसटीत टेंभुर्णीच्या पुढं फोन टणटणायला लागला. पहिलाच मेसेज नवऱ्याचा, ग्रुपवर, सगळ्या पोरींना: ‘सदर मेस कायमस्वरूपी बंद करण्यात येत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.’ खाली पोरींचे रडके चेहरे, जोडलेले हात, एकीनं विचारलेलं, काकू काय झालं? आणि मग एकेक पोरगी ग्रुपमधून बाहेर पडत गेलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, “घरी तर ये. सरप्राइज आहे.”

घरी आले. हॉलच्या भिंतीवर एक फळी टांगलेली, तिच्यावर दोन मोठे फोटो, कंपनीत लावतात तसे. डावीकडं ‘सुधारणेपूर्वी’, उजवीकडं ‘सुधारणेनंतर’. पूर्वीच्या फोटोत माझं स्वयंपाकघर होतं, शेगडी, पातेलं, साठ डब्यांची मांडणी, आणि शेगडीपुढं पाठमोरी मी, पदर खोचलेला. त्यानं तो फोटो कधी काढला मला ठाऊक नाही. नंतरच्या फोटोत पांढरा ओटा होता आणि त्यावर प्लास्टिकची सफरचंदं.

सात दिवस भरले होते, म्हणून सामान भंगारवाल्याकडं गेलं होतं. शेगडी, परात, पातेलं, डबे, सगळं. दोन गणपती तेवढे त्यानं आळंदीला जाऊन इंद्रायणीत सोडले होते. देवांच्या बाबतीत तो फार काळजी घेतो. भिंतीवर त्यानं झाऱ्याचा, डावाचा, उलथन्याचा आकार आखून ठेवला होता, कुठली वस्तू कुठं टांगायची ते कळावं म्हणून. प्रत्येकी एक.

“दोन सुट्ट्या घातल्या मी यात,” तो म्हणाला. “बघ, किती मोकळं झालं.”

आणि तो शाबासकीची वाट बघत उभा राहिला. मला तेच सगळ्यात जास्त लागलं. मुद्दाम वाईट करणाऱ्याशी कडाकडा भांडता तरी येतं. हा माणूस मला भेट देत होता.

मी भांडले तरीही. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, मूळ महाळुंग्याच्याच त्या.

“काय गं, काय झालं? कोन गेलं व्हय?”

“हो काकू,” मी म्हटलं. “माझी शेगडी गेली.”

त्यांनी रिकाम्या ओट्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. “आमची जमीन इकली तवा बी घरातल्या बायांना कुनी इचारलं न्हवतं,” असं म्हणाल्या आणि गुडघे धरत खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोल्यांवर गेले. तोवर बहुतेक पोरींनी खराबवाडीच्या कुठल्याशा बाईचा डबा धरला होता आणि महिन्याचे पैसे भरले होते. “काकू, आम्हाला वाटलं तुम्हीच बंद केली,” त्या म्हणाल्या. त्यांची काय चूक? पोटाला कुठं सुट्टी असते? मी परत सुरू करते म्हटलं असतं, पण कशावर? सगळी भांडी नव्यानं घ्यायची, आणि घर तर विकायला काढलेलं. ज्या दिवशी विकलं जाईल त्या दिवशी पोरींना परत तेच सांगायचं. मी हात हलवत परत आले.

त्यानंतर सहा महिने आम्ही त्या घरात पाहुण्यांसारखे राहिलो. चप्पल पिवळ्या पट्टीत. सोफ्यावर बसायचं नाही, चादरीला सुरकुती पडते. भाजीत लसूण घालायचा नाही, कुणीतरी येणार असतं. एक जण मोबाइलमधलं होकायंत्र धरून आमच्या संडासाची दिशा बघत फिरला. एका बाईनं माझं कपाट उघडून साड्या बाजूला सारल्या, कपाट घरासोबत मिळणार का ते बघायला. एका जोडप्यानं हॉलमध्ये उभं राहून, आमच्यादेखत, आमची कुठली भिंत फोडायची ते ठरवलं आणि चहा न पिता गेलं. भर उन्हात घरात सहा दिवे जळत असायचे आणि त्यांच्याखाली मी साडी नेसून, पाण्याचा ट्रे घेऊन उभी. मला त्या प्रत्येक माणसाचा राग येत होता. त्यांनी घर घेतलं तर राग, नाही घेतलं तरी राग.

एकदा बँकेतले एक गृहस्थ आले होते. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, “वहिनी काय करतात?”

नवरा म्हणाला, “काही नाही. घरीच असते.”

मी ट्रे तसाच टेबलावर ठेवला आणि आत गेले. डबे बंद केले ते एक वेळ मी सोसलं असतं. पण ते कधी नव्हतेच? सहा वर्षं मी पहाटे उठून काय करत होते, भजनं म्हणत होते? त्या क्षणी मला या माणसाचं तोंड बघवेना. मी आतल्या खोलीत पलंगावर बसले, तर त्या चादरीलाही सुरकुती पडेल म्हणून उठून उभी राहिले. मग परत बसले, चांगली दोन्ही पाय वर घेऊन.

पुढच्या रविवारी दोन गिऱ्हाईकं येणार होती. एजंटचा फोन आला, दहा मिनिटांत पोचतो. मी खिडक्या लावून घेतल्या, कढई ठेवली आणि वर्षाच्या काळ्या मसाल्याची लवंगी मिरची भाजायला घेतली. दोन किलो. पहिलं गिऱ्हाईक जिन्यातूनच परत फिरलं. दुसरं चिवट होतं. डोळे पुसत पुसत त्यानं हॉल बघितला, बेडरूमपर्यंत पोचला, तिथं त्याला ठसका लागला तो खाली गाडीत बसेपर्यंत थांबला नाही. एजंट रुमालात खोकत म्हणाला, “काकू, आजच?”

“मी घरीच असते ना,” मी म्हटलं. “मग दुसरं काय करणार?”

नवरा आठ दिवस बोलला नाही. ते आठ दिवस फार बरे गेले. पण मिरच्या भाजून डबे परत येणार नव्हते, हे मलाही कळत होतं. नव्या घरात मनाई, जुन्या घरात शेगडी नाही. आज ना उद्या कुणीतरी हे घर घेईलच, आणि मग मी अकराव्या मजल्यावर बसून आराम करणार.

मग ती आली. स्वतःच्या नवऱ्यासोबत होती, तो चाकणलाच कुठल्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. ही पस्तिशीची, सावळी, घाईत आलेली, नखांत पीठ वाळलेलं. हॉलकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत. गॅसची नळी जायला भिंतीत पाडलेल्या भोकात तिनं बोट घालून बघितलं. मग खाली वाकून फरशीवरचा पांढरा रंग नखानं खरवडला. खालून काळं निघालं.

“ताई, हितं मोठी शेगडी व्हती ना?”

“होती.”

“किती डब्यांची?”

“साठ.”

ती उठून उभी राहिली आणि माझ्याकडं नीट बघायला लागली. “म्हंजे तुमीच त्या पहिल्या काकू? मी खराबवाडीला डबे करते. तुमच्या पोरी माझ्याकडं यायल्यात.”

माझ्या डोक्यात सणक गेली. सहा महिने जिला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते ती ही. माझ्या ओट्यापुढं उभी राहून माझ्या फरशा खरवडत होती.

“मग काय बघायला आलात?” मी म्हटलं. “अजून काही न्यायचं राहिलंय का?”

ती चिडली नाही. “न्हाई ताई. मला जागा पायजे. एका खोलीत करायलेय सगळं, घरमालक रोज भांडायलाय. आन् पोरी मला नावं ठेवायल्यात. आमटी पाणचट म्हनतात. भाकरी तर माझी फाटतीच. खोटं कशाला बोलू?”

हॉलमधून माझ्या नवऱ्याचा आवाज येत होता. फरशी किती महागाची आहे, ते तो तिच्या नवऱ्याला सांगत होता. सहा महिन्यांत चाळीसेक माणसं हे घर बघून गेली, पण इथं काय शिजायचं असं कुणी विचारलं नव्हतं. हिनं विचारलं. मला तिचा राग होता आणि तिला सगळं सांगून टाकायची घाईही झाली होती, दोन्ही एकदम.

मग मी सांगितलं. पाणी सकाळी सहाला येतं आणि तासात जातं, पिंप भरूनच घ्यायचं. शेगडी ओट्यावर ठेवायची नाही, गॅलरीतच ठेवायची, धूर मागच्या शेताकडं जातो, कुणाची तक्रार येत नाही. खालच्या काकूंना सणाला पुरणपोळी पोचवायची, मग इमारतीतलं कुणी तोंड उघडत नाही. या कपाटामागं पावसाळ्यात ओल येते, ते मुद्दाम तिथं सरकवलंय, पीठ तिकडं ठेवायचं नाही. नांदेडच्या पोरींना तिखट लागतं पण आमटीत घालायचं नाही, वरून ठेचा द्यायचा. येसर पाण्यात आधी कालवून मग सोडायचा, म्हणजे आमटी पाणचट होत नाही. ती बोटांवर मोजत ऐकत होती, शाळेतल्या मुलीसारखी.

“आणि एक,” मी म्हटलं. हे मी आधी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. “भाकरी मी करीन. रोज येईन. निम्मं-निम्मं.”

“तुमच्या घरचे येऊ देतील?”

“ते मी बघते.”

“भाकरी तुमची, पोळी माझी,” ती म्हणाली. “जमलं न्हाई तर भांडायचं, पर तोंडावर.”

एवढं बोलून ती हॉलमध्ये गेली आणि आपल्या नवऱ्याला म्हणाली, “घ्यायचं.” तो म्हणाला, अगं, बेडरूम तरी बघू. ती म्हणाली, तुम्ही बघा. एजंट दोन्ही फोन हातात धरून उभाच राहिला. मग तिनंच माझ्या नवऱ्याला सांगितलं, “ताई बी रोज येनार हायत. भाकरी करायला.”

नवरा आधी हसला. मग माझं तोंड बघून मला बेडरूममध्ये घेऊन गेला.

“हे काय नवीन? स्वतःचं घर विकून त्याच घरात भाकऱ्या थापायला जाणार तू?”

“हो.”

“मग विकायचं कशाला?”

“ते मी सहा महिने तुम्हालाच विचारतेय.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक जेवतील.”

“मी हा व्यवहार करणार नाही.”

“नका करू,” मी म्हटलं. “पुढच्या रविवारी परत मिरच्या आणते.”

नव्या फ्लॅटचे हप्ते डोक्यावर होते आणि सहा महिन्यांत ‘घेतो’ म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. तो हॉलमध्ये गेला आणि एजंटला पेढे आणायला पाठवलं.

आता आम्ही मोशीला राहतो. मी सकाळी साडेसहाला निघते, दोन गाड्या बदलते, कंटेनरच्या रांगेत अडकते आणि आठपर्यंत महाळुंग्यात पोचते. नवऱ्यानं सोसायटीत सांगितलंय की मी योगाच्या क्लासला जाते. आठ तासांचा योग. मी लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर भाकरीचं सांगते, दोन घरांनी डबा आणता का म्हणून विचारलंही आहे. नवऱ्याला ते अजून माहीत नाही.

पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात गेले होते. जिना चढले आणि दारापुढं आल्यावर लक्षात आलं की दार वाजवायला लागणार. त्या दाराची किल्ली नऊ वर्षं माझ्या कमरेला होती. तिनं दार उघडलं, “या ताई,” म्हणाली. मी चप्पल बाहेर काढली, जिथं तिच्या घरातल्यांच्या होत्या तिथं. पिवळ्या पट्ट्या निघाल्या होत्या. भिंतीवरचे झाऱ्या-डावाचे आकार तिनं पुसून टाकले होते. गॅलरीत तिची शेगडी लागली होती, माझ्या शेगडीहून मोठी, अगदी मी सांगितलेल्या जागी.

मी आमटी फोडणीला टाकायला घेतली. हात उजवीकडच्या फळीवर गेला. मोहरी तिथं नव्हती. “ताई, मी डावीकडं ठेवते,” ती म्हणाली. मग हळद. मग डाव. दर वेळी माझा हात जायचा आणि रिकामा परत यायचा, आणि ती पोळी लाटता लाटता हातातलं लाटणं ठेवून मला ती वस्तू काढून द्यायची. शेवटी मी हात आवरला. ज्या ओट्यापुढं मी सहा वर्षं उभी होते तिथं उभी राहून मी तिला विचारलं, “मीठ कुठं ठेवता तुम्ही?”

तिनं दाखवलं. नीट, मानानं दाखवलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, तिचं घर होतं. मी मीठ घातलं आणि मला हुंदका आला, तो मी तिला दिसू दिला नाही. नवऱ्याचा इतका राग मला त्या दोन फोटोंपुढंही आला नव्हता. परात पुढं ओढली, पिठात कढत पाणी घातलं आणि थापायला बसले. दुसऱ्या शिफ्टच्या पोरी जिन्यात बोलताना ऐकू आल्या तोवर नव्वद भाकरी झाल्या होत्या. एकही फाटली नाही.